सरईला सागाचा रंग

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घराचा जिना सागवानी आहे, असं गल्लीतल्या सगळ्यांना वाटायचं. तो सरईचा होता. मराठीत साल, छत्तीसगढीत सरई. आता छत्तीसगढचा राज्यवृक्षच. जड, चिवट, वाळवीला सहजी दाद न देणारा. रेल्वेने रुळांखालच्या स्लीपरांसाठी सालाची जंगलं उगाच नाही तोडली. पण देखणेपणात तो मागे. सुकताना तडकतो, रेषा उलटसुलट असल्याने रंध्याला नडतो.

आजोबांच्या डोळ्यांपुढे होता नागपूरच्या महालातल्या नातेवाइकांच्या वाड्यातला जिना. 1741 मध्ये सेनापती भास्करपंतांबरोबर नागपूरच्या भोसल्यांची फौज छत्तीसगढात उतरली, पुढे बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार बघू लागले, आणि मराठी घरं इथे रुजत गेली. पण ऐट कशाला म्हणायचं हे ठरवायला आम्ही नागपूरकडेच बघायचो. ऐट म्हणजे साग.

1968 च्या दिवाळीआधी पेंटर आला. पायऱ्यांच्या भेगांत लांबी भरली, काचपेपर मारला, रामरजीच्या पिवळट रंगाचे दोन हात दिले. वर पातळसर तपकिरी तेलरंग. तो ओला असतानाच खरी करामत: पत्र्याच्या डब्यातून कापलेली फणी तो एका दमात पायरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचा, मनगट किंचित थरथरवत. मग त्याच फणीला चिंधी गुंडाळून पुन्हा एकदा, तिरकी. शेवटी कोरड्या ब्रशाने वरवर झटकलं की रेषांच्या कडा विरघळायच्या. रेष चुकली तर टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसून पुन्हा. वाळल्यावर वार्निश. आजीने विचारलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, ‘लकड़ी ला लकड़ी बनावत हन, काकी.’

ही विद्या फार लांबून आलेली. जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननच्या घरात साध्या लाकडाची दारं महोगनीसारखी रंगवलेली आहेत. इंग्लंडात शिळ्या बिअरमध्ये रंग कालवायचे. लवकर वाळतो, आणि वार्निश चढेपर्यंत ओल्या फडक्याने पुसता येतो. बोल्टनचा टॉमस कर्शॉ यात इतका तरबेज, की 1855 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला पदक मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं होतं, आणि त्याबरोबर आमचं रायपूरही त्यांच्या हातात गेलं. तिकडे स्वस्त पाइनला ओक करायचे. आमच्याकडे जंगलातल्या अस्सल लाकडावर दुसऱ्या लाकडाचं सोंग चढवलं. मला यात लबाडी कधीच दिसली नाही. साग कसा असतो हे त्या पेंटरने जितकं निरखलं होतं, तितकं आम्ही खऱ्या सागाच्या टेबलावर जेवूनही निरखलं नव्हतं.

एक मात्र त्याचं चुकायचं: गाठी. चांगल्या सागाच्या फळीत गाठ शक्यतो नसते, आणि याने प्रत्येक पायरीवर अंगठ्याने एकेक गाठ उमटवली होती. त्याला ती शोभा वाटत असावी. आम्ही पोरं गाठी मोजत जिना उतरायचो. सातव्या पायरीवरची मांजराच्या डोळ्यासारखी होती.

नव्वदीत पुतण्याने सिमेंटच्या नव्या जिन्याला तसाच रंग करून घेतला. त्या पोराकडे रबरी ठोकळा होता. ओढता ओढता डोलवला की लांबट वलयं उठतात. दोन तासांत काम फत्ते, पण वलय पायरीगणिक तेच ते. मोजायला काही उरलं नाही.

मागच्या वर्षी जुनं घर उतरवायचं ठरलं. जुन्या लाकडाचा व्यापारी आला. सागाचा भाव बोलला, पायरीवर बोटाने टकटक केलं, मग बॅटरी घेऊन जिन्याखाली वाकला. पेंटरने खालच्या बाजूला ब्रश लावलाच नव्हता. ‘अरे, ये तो सरई है,’ तो आतूनच ओरडला, आणि बाहेर येऊन भाव निम्म्यावर आणला. सातवी पायरी मी विकली नाही.