नागपूरकर डॉ. चोळकर यांचें चिनी नांव

नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणारास एक गोष्ट वारंवार आढळते. माणूस एका घरांतून दुसऱ्या घरांत गेला कीं त्याचें नांव बदलतें, आणि तें बदललेलें नांव हाच त्याच्या नव्या नात्याचा पहिला लेख होय. इ. स. १८१८ मध्यें अप्पासाहेबांस पदच्युत केल्यावर दुसऱ्या रघूजीचा दौहित्र बाजीबा यास दत्तक घेऊन गादीवर बसविण्यांत आलें, आणि तो तिसरा रघूजी झाला. हा रघूजी इ. स. १८५३ च्या डिसेंबरांत वारला, तेव्हां दत्तक घेतलेल्या यशवंतरावास जानोजी हें नांव मिळालें. पुढच्याच वर्षीं राज्य खालसा झालें; नांव मात्र राहिलें. नागपूरच्याच एका गृहस्थास असें दत्तकाचें नांव पुढें एका परक्या भाषेंत मिळालें. त्याचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

इ. स. १९३७ च्या अखेरीस चिनी सेनापति चू ते यांनीं पंडित जवाहरलाल नेहरू यांस पत्र लिहून जपानी आक्रमणाशीं झगडणाऱ्या आपल्या सैन्यासाठीं वैद्यकीय साहाय्य मागितलें. तदनुसार राष्ट्रसभेनें सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेच्या काळांत पांच डॉक्टरांचें पथक धाडलें. त्याचे पुढारी डॉ. अटल, उपनेते नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर, आणि इतर तिघे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस, डॉ. बिजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी हे होत. पथकानें १ सप्टेंबर १९३८ रोजीं मुंबई सोडली, त्याच महिन्यांत तें कँटनला उतरलें, आणि हँकाऊ, चुंगकिंग असे मुक्काम करीत १९३९ च्या फेब्रुवारींत येनानला पोहोंचलें. चुंगकिंगच्या मुक्कामांत शांतिनिकेतनांतील चीनभवनाचे संचालक तान युन-शान यांनीं या पांचांस चिनी नांवें दिलीं. पांचांच्याहि अखेरीस ‘ह्वा’ हें एकच अक्षर होतें, आणि त्याचा अर्थ चीन.

नांव कसें निवडावें याचे नियम आपल्याकडे फार जुने आहेत. ज्योतिषी जन्मनक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर सांगतो. अश्विनीच्या चार चरणांस चू, चे, चो, ला हीं अक्षरें नेमलेलीं आहेत. ही ध्वनीची कसोटी झाली. पारस्कर गृह्यसूत्र त्यापुढें जाऊन घडणीचा विचार करतें. मुलाचें नांव दोन किंवा चार अक्षरांचें असावें, त्याच्या आरंभीं घोष वर्ण व मध्यें अंतस्थ वर्ण असावा, तें कृदंत असावें, तद्धित नसावें; मुलीचें नांव विषम अक्षरांचें व आकारान्त असावें, असें तें सूत्र सांगतें. अर्थाची कसोटी तर सर्वांसच ठाऊक आहे.

चिनी नामकरणांतहि अर्थ, ध्वनि व घडण याच तीन कसोट्या आहेत. मात्र तेथें घडण डोळ्यांनीं पाहावयाची असते. आपलें अक्षर केवळ ध्वनि दाखवितें. चिनी अक्षर एकाच वेळीं एक उच्चार व एक अर्थ वाहतें. बहुसंख्य अक्षरांत दोन अवयव असतात. एक अर्थाचा वर्ग सुचवितो, म्हणजे झाड, गवत, पाणी, हृदय इत्यादि. दुसरा उच्चाराची दिशा दाखवितो. एकाच उच्चाराचीं अनेक अक्षरें असल्यामुळें परकी नांव लिहितांना लेखकास निवड करावीच लागते, आणि ही निवड त्याचें मन उघड करते.

या निवडीस इतिहासाचा आधार आहे. कुमारजीवाचें नांव चिनी ग्रंथकारांनीं ध्वनीवरून लिहिलें, आणि ‘बाल’ व ‘दीर्घायुष्य’ या अर्थांच्या दोन अक्षरांनीं त्याचा अनुवादहि केला. धर्मरक्षाच्या नांवाचा तर त्यांनीं अर्थच घेतला, आणि त्यामागें हिंदुस्थानवाचक ‘चू’ हें अक्षर आडनांवासारखें जोडलें. उलट सातव्या शतकांत ह्यु-एन-त्संगानें आपल्या देशाचें ‘मो-हो-ला-छा’ व राजा पुलकेशीचें ‘पु-लो-की-शे’ असें लेखन केलें, त्यांत ध्वनीपलीकडे कांहीं शोधूं नये. इ. स. १९२४ मध्यें रवींद्रनाथ ठाकूर पेकिंगला असतांना त्यांच्या वाढदिवशीं लियांग छी-छाव यांनीं त्यांस ‘चू चन-तान’ हें नांव दिलें. ‘चू’ म्हणजे हिंदुस्थान. ‘चन’ म्हणजे मेघगर्जना, अर्थात् इंद्र. ‘तान’ म्हणजे उषा, अर्थात् रवि. शिवाय ‘चन-तान’ हें चीनस्थान या संस्कृत शब्दाचें जुनें चिनी रूप आहे. चौदा वर्षांनीं चुंगकिंगमध्यें जें झालें तें याच परंपरेंतील होय.

आतां तीं पांच नांवें पाहूं. अटल यांचें नांव ‘आय-त-ह्वा’. ‘आय’ म्हणजे प्रेम, ‘त’ म्हणजे सद्गुण. जुन्या लेखनांत या दोन्ही अक्षरांत हृदयवाचक अवयव आहे. योगायोग असा कीं, एडवर्ड या इंग्रजी नांवाचें रूढ चिनी लेखनहि हेंच. बसूंचें ‘पा-सू-ह्वा’, ‘पा’ हें चुंगकिंगच्याच प्रदेशांतील एका प्राचीन राज्याचें नांव, आणि ‘सू’ या अक्षरास पुन्हां सजीव होणें असा अर्थ आहे. वैद्यास याहून शुभ अक्षर कोणतें? मुखर्जींचें ‘मू-ख-ह्वा’, ‘मू’ म्हणजे लांकूड.

सर्वांत सुबक नांव कोटणीसांचें. प्रथम त्यांचें आडनांव चार अक्षरांत, ‘ख-ती-नी-स’ असें, ध्वनीबरहुकूम लिहीत. चिनी माणसाचें नांव सामान्यतः दोन किंवा तीन अक्षरांचें असून आडनांव प्रथम येतें. सबब शेवटचीं दोन अक्षरें गाळून ‘ह्वा’ जोडलें, आणि ‘ख-ती-ह्वा’ झालें. ‘ख’ हें खरोखरीचें चिनी आडनांव असून त्याचा अर्थ फांदी. ‘ती’ हें एका फुलझाडाचें नांव. दोन्ही अक्षरांस डावीकडे वृक्षवाचक अवयव आहे. ‘ह्वा’ चा मूळ अर्थ फूल, आणि जुन्या लेखनांत त्याच्या माथ्यावर तृणवाचक अवयव असे, इ. स. १९५६ नंतरच्या सोप्या लिपींत तो गळाला. असें हें नांव फांदी, झुडूप व फूल अशा क्रमानें वाढत जातें. त्यांतहि ‘ती’ या झाडाचें नांव चीनच्या प्राचीन काव्यसंग्रहांत बंधुप्रेमाशीं जोडलेलें आहे, आणि धाकटा भाऊ या अर्थाच्या शब्दाचा उच्चारहि तोच.

डॉ. चोळकर यांचें नांव ‘च्वो-ख-ह्वा’. चिनी भाषेंत ळकार नाहीं, म्हणून चोळकर या शब्दांतील ‘चो’ व ‘क’ एवढेच ध्वनि उरले. ‘च्वो’ म्हणजे उंच, श्रेष्ठ. हें हान काळापासून सेचवान प्रांतांत प्रसिद्ध असलेलें आडनांव आहे. पथकांत वयानें वडील असलेल्या गृहस्थास तें शोभतें. मधलें ‘ख’ मात्र विचारांत पाडणारें आहे. कोटणीसांच्या नांवांतील ‘ख’ हून हें अक्षर निराळें असून त्याचा एक अर्थ जिंकणें असा आहे. त्यापुढें चीनवाचक अक्षर आलें असतां ‘चीन जिंकणारा’ असा विपरीत अर्थ कोणी काढील, आणि तोहि जपानी आक्रमणाच्या दिवसांत! परंतु आमच्या मतें ही शंका टिकत नाहीं. याच अक्षराचा जुना अर्थ समर्थ असणें असा असून नांवांत तोच घेण्याची चाल आहे. शिवाय मुखर्जींच्या नांवांतहि तेंच अक्षर आहे, यावरून ध्वनीच्या गरजेनें तें आलें आणि ‘ह्वा’ पांचांसहि सारखेंच मागाहून लाविलें, हें स्पष्ट होतें.

कोणी म्हणतील कीं, हे सर्व मूळ नांवांचे अपभ्रंश होत. तसें असतें तर कोटणीसांचें चार अक्षरी लेखन बदलण्याचें कारण नव्हतें. अपभ्रंशांत मूळ झिजतें. येथें मूळ मुद्दाम कापून त्यावर नवें कलम बांधिलें आहे. अप्पाजी, बापूजी हीं नांवें लोकांच्या तोंडीं बनतात, रघूजी हें गादीवर बसवितांना देतात. पांच नांवांची गणना दुसऱ्या वर्गांत केली पाहिजे.

डॉ. चोळकर व डॉ. मुखर्जी १९३९ मध्येंच परत आले. कोटणीस राहिले. २५ नोव्हेंबर १९४१ रोजीं त्यांनीं क्वो छिंग-लान यांशीं विवाह केला, आणि १९४२ च्या ऑगस्टांत त्यांस पुत्र झाला. सेनापति न्ये रुंग-चन यांनीं त्याचें नांव ‘यिन-ह्वा’ ठेविलें. ‘यिन’ हें ह्यु-एन-त्संगानें शुद्ध ठरविलेल्या ‘यिन-तू’ या हिंदुस्थानवाचक शब्दाचें पहिलें अक्षर. स्वतंत्रपणें त्याचा अर्थ मुद्रा, शिक्का. त्या मुलावर दोन्ही देशांची मुद्रा होती असें म्हटल्यास तें शब्दशः खरें ठरतें. चार महिन्यांच्या आंत, ९ डिसेंबर १९४२ रोजीं, कोटणीस निवर्तले. मुलगाहि १९६७ मध्यें ऐन तारुण्यांत वारला. पित्याचें चिनी नांव तेथील स्मारकांवर कोरलेलें आहे.

कोटणीसांची कीर्ति १९४६ च्या चित्रपटानें घरोघर पोहोंचली. चोळकरांचें नांव नागपुरांतहि थोड्यांच्याच ओठीं आहे. जो मेला त्याचें स्मारक होतें, जो परत आला त्याचें होत नाहीं, हा इतिहासाचा नेहमींचा पक्षपात होय. त्यावर उपाय संशोधकांच्या हातीं आहे. चिनी कागदांत जो ‘चोळकर’ शोधील त्याच्या हातीं कांहीं लागणार नाहीं. त्यानें ‘च्वो-ख-ह्वा’ शोधावा. भोसल्यांच्या दप्तरांत तिसऱ्या रघूजीस बाजीबा या नांवाखालीं हुडकणाराची जी फजिती होते, तीच येथें व्हावयाची. म्हणून नागपूरच्या पुरुषांची जी नामसूची कोणी करील, तींत मोरेश्वर रामचंद्र चोळकर या नांवाशेजारीं हें तीन अक्षरांचें नांवहि नोंदवावें, एवढीच आमची विनंति आहे.