ऊर्जा कोणासाठी? : प्रा. अमूल्य रेड्डी यांचे ऊर्जाचिंतन

भारतातील ऊर्जानियोजनात दीर्घकाळ एकाच प्रश्नाला अग्रस्थान होते : आणखी किती मेगावॉट वीज लागणार? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक अमूल्य कुमार रेड्डी (१९३०–२००६) यांनी त्याआधीचा प्रश्न विचारला : ही वीज कोणासाठी आणि कोणत्या कामासाठी? माणसाला युनिट नको असतात. त्याला शिजलेले अन्न, उजेड आणि पाणी हवे असते, ही त्यांची भूमिका होती.

रेड्डी मूळचे विद्युत-रसायनशास्त्रज्ञ. जॉन बॉक्रिस यांच्यासह त्यांनी लिहिलेला या विषयावरील ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध झाला व जगभर अभ्यासला गेला. मात्र प्रयोगशाळेतील विज्ञानाचा खेड्यातील दारिद्र्याशी संबंध काय, या प्रश्नाने त्यांची वाट बदलली. १९७४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने संस्थेत ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा उपक्रम सुरू झाला. तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांच्या पाहणीत असे आढळले की, तेथील ऊर्जेचा सर्वांत मोठा वाटा सरपणाचा असून ते गोळा करण्यात स्त्रिया आणि मुलांचे श्रम खर्ची पडतात. अधिकृत ऊर्जानियोजनात या श्रमांना स्थानच नव्हते.

याच जिल्ह्यातील पुरा गावी सामुदायिक गोबरगॅस प्रकल्प उभारण्यात आला. गावातील शेणापासून मिळणारा गॅस सर्व घरांच्या स्वयंपाकाला पुरेसा नव्हता. म्हणून १९८७ पासून त्यावर इंजिन चालवून वीजनिर्मिती करण्यात आली. त्यातून नळाला पाणी आणि घरात दिवे आले. शेण देणाऱ्यास मोबदला मिळे व खतही परत मिळे. हा प्रकल्प पुढे थांबला. त्याच्या यशापयशाचा हिशेब रेड्डी यांनी २००४ मध्ये स्वतःच मांडला.

त्यांच्या विचाराची खरी कसोटी कर्नाटकाच्या वीजनियोजनात लागली. राज्याच्या समितीने सन २००० साठी सुमारे ९,४०० मेगावॉट क्षमतेची गरज वर्तवली होती. रेड्डी व सहकाऱ्यांनी ‘डिफेन्डस’ ही पर्यायी पद्धत मांडली. प्रत्येक घरी वीज, रोजगार देणारे उद्योग, कमी वीज खाणारे दिवे व पंप आणि पाणी तापवण्यासाठी सौरऊर्जा यांचा त्यात समावेश होता. त्यांच्या हिशेबाने गरज सुमारे ४,००० मेगावॉट भरली आणि खर्च जवळपास एक-तृतीयांशावर आला. कार्बन उत्सर्जनही समितीच्या आराखड्याच्या तुलनेत अत्यल्प होते. हवामानबदलाचा प्रश्न आणि गरिबांच्या घरातील दिवा यांत विरोध नाही, हे या मांडणीने आकड्यांनिशी दाखवले.

ब्राझीलचे होजे गोल्डेम्बर्ग, स्वीडनचे थॉमस योहान्सन आणि अमेरिकेचे रॉबर्ट विल्यम्स यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या १९८८ च्या ग्रंथात हाच विचार जागतिक पातळीवर आला. कार्यक्षम साधने वापरल्यास दरडोई सुमारे एक किलोवॉट ऊर्जेत विकसनशील देशांना मूलभूत गरजांपलीकडचे राहणीमान गाठता येईल, असे या चौघांचे प्रतिपादन होते. त्यांना २००० मध्ये व्होल्वो पर्यावरण पारितोषिक मिळाले. रेड्डी यांना १९९१ मध्ये पद्मश्री देण्यात आली होती.

महाराष्ट्रातही हा विचार पोहोचला. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेतील गिरीश संत व शंतनू दीक्षित यांनी राज्यासाठी किमान खर्चाच्या वीजनियोजनाचा अभ्यास केला. तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा दाभोळ प्रकल्पाच्या महागड्या विजेचा भार राज्य वीज मंडळाला पेलेनासा झाला होता, आणि २००१ मध्ये तो प्रकल्प बंद पडला. मागणीचा अंदाज व विजेचा दर आधीच नीट तपासला नाही, तर त्याची किंमत अखेर ग्राहकाला आणि राज्याच्या तिजोरीला मोजावी लागते, हा त्यातील धडा होता.

आज सौर व पवनऊर्जेच्या क्षमतेचे आकडे वेगाने वाढत आहेत. इंधन बदलले तरी रेड्डी यांचा प्रश्न कालबाह्य झालेला नाही. उद्दिष्ट किती मेगावॉटचे आहे, याबरोबरच त्यातून कोणाचे श्रम हलके झाले, हेही धोरणाला सांगता आले पाहिजे.