चाड्यावरची मूठ



आमच्या गटाने डाळमिलसाठी एक जुनी ट्रॅक्टर शेड भाड्याने घेतली. ती झाडताना पत्र्यांच्या मागे लाकडाची एक वस्तू सापडली. वाडग्यासारखी, ओंजळभर खोल आणि बुडाला तीन भोकं. कुणी म्हणालं शेवयांचा साचा, कुणी म्हणालं दिवा ठेवायचं बैठं. आमच्यातल्या बऱ्याच जणी ट्रॅक्टरची पेरणी बघतच मोठ्या झालेल्या, त्यामुळे नुसते अंदाजच चालले होते.

मग जरा निरखून पाहिलं. भोकं शेवयांसाठी फारच मोठी होती आणि सरळ खाली न जाता बाहेरच्या अंगाला तिरकी कोरलेली होती. काठ एकाच बाजूला झिजून गुळगुळीत झाला होता. म्हणजे तिथे कुणाचा तरी हात वर्षानुवर्षं टेकत असणार. पुढचं कळेना, म्हणून गावातल्या दोन म्हाताऱ्या आज्यांना बोलावलं. एकीने ते हातातसुद्धा घेतलं नाही. लांबूनच म्हणाली, "अगं बायांनो, हे तिफणीचं चाडं! ह्याच्याबिगर पेरा व्हायचा कसा?"

तीन भोकं म्हणजे तीन फण, म्हणून तिफण. चार असती तर चौफणी पाभर. प्रत्येक भोकात पोकळ वेळूची नळी बसते आणि तिचं खालचं टोक फणात उतरतं. बैल चालतात, फण तास पाडतात आणि चाड्यात सोडलेलं बी तिन्ही तासांत एकदमच पडतं. चाडं बी मोजत नाही, ते फक्त वाटून देतं. मोजते ती मूठ. मूठ काठावर टेकवून, बोटांच्या फटीतून दाणे सारख्या धारेने सोडायचे, तेही ढेकळांतून चालता चालता, बैलांच्या चालीने. धार जाड झाली तर पीक दाट येऊन एकमेकांना खातं, बारीक झाली तर रान मोकळं राहतं. ज्वारीची धार वेगळी, हरभऱ्याची वेगळी. बऱ्याच गावांत तिफण पुरुष हाकायचा आणि चाड्यावर मूठ बाईची असायची.

आता थोडं लांबचं सांगतो. इंग्लंडमध्ये पेरणीयंत्राचं श्रेय जेथ्रो टल यांना देतात. साल १७०१ च्या सुमाराचं. त्याच शतकाच्या शेवटी कॅप्टन थॉमस हॅलकॉट नावाचा इंग्रज अधिकारी दक्षिण हिंदुस्थानात होता. पेरणीयंत्र हा युरोपातला नवा शोध आहे, असंच त्याला वाटत होतं. एका शेतात पिकाच्या ओळी इतक्या सरळ दिसल्या, की त्याने चौकशी केली. तेव्हा समजलं की इथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नळ्यांच्या अवजाराने पेरतात. त्याने ही माहिती विलायतेला कळवली आणि ती १७९७ साली छापली गेली. पुढे धरमपाल यांनी १९७१ मध्ये अठराव्या शतकातल्या भारतीय विज्ञानावर इंग्रजीत पुस्तक काढलं, त्यात हॅलकॉटचं टिपण पुन्हा आलं. हेच अवजार कर्नाटकात कूरगी, तेलुगू मुलखात गोर्रू.

हे वाचून आम्हाला अभिमान वाटला, आणि थोडा रागही आला. अवजाराचं कौतुक झालं, पण ज्या मुठीवर त्याचा सगळा हिशेब, तिच्याबद्दल कोण विचारतं? आज ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात पेटी असते, बी तीच मोजते. वेळ वाचतो, कंबर वाचते, त्याला आमची ना नाही. पण पेरणीच्या दिवशी बाई बांधावर आली, भाकरी घेऊन. कोणतं बी किती पडणार, हे ठरवणं तिच्या हातून गेलं आणि त्याचा विचारही कुणी केला नाही.

आजींनी अजून एक गोष्ट सांगितली. तिफणीचं एक भोक बोळ्याने बंद करायचं. त्या रिकाम्या तासात मागून दुसरी बाई दोरीने बांधलेल्या एका नळीतून तूर सोडत चालायची. ह्या नळीला कुठे मोघण म्हणतात, कुठे सरतं. ज्वारीत तूर मिसळायची ती अशी, म्हणजे पाऊस दगा देऊन एक पीक गेलं तरी घरात डाळ असायची.

चाडं मिळालं, मोघण अजून मिळालेली नाही. कुणाच्या माळ्यावर, गोठ्यात वेळूची अशी नळी पडली असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. आणि तुमच्याकडे तिला काय म्हणतात, तेवढं केंद्रावर कळवा.