फाइलवरच्या लेबलाचं कूळ

संगणकातल्या फाइलला सुरक्षेचं लेबल लावायची रीत सरकारी कागदावरच्या ‘गोपनीय’ शिक्क्यातून आली, असं सर्रास मानलं जातं. जन्मापुरतं ते खरं आहे. अमेरिकी हवाई दलासाठी बेल आणि लापादुला यांनी १९७३च्या सुमारास बसवलेला नियम शिक्क्याचाच होता: खालच्या दर्जाच्या प्रोसेसनं वरचं वाचायचं नाही, वरच्या दर्जाच्या प्रोसेसनं खाली लिहायचं नाही. पण आज लिनक्समध्ये रुजलेलं लेबल थेट या घराण्यातलं नाही, आणि हा फरक तारापूर डोळ्यांसमोर ठेवलं की नीट उमगतो. १९६९पासून वीज देणाऱ्या तिथल्या अणुवीज केंद्राभोवती गुप्तता आहेच. १९६२च्या अणुऊर्जा कायद्यात अठरावं कलम घातलं गेलं ते त्यासाठीच. मात्र अणुभट्टीच्या नियंत्रणातला आकडा परक्यानं वाचला तर होणारं नुकसान वेगळं आणि त्यानं तो बदलला तर होणारं वेगळं. बिबा यांनी १९७७मध्ये नेमकं हेच धरून बेल-लापादुलांचा नियम उलटा केला. १९८५मध्ये बोबर्ट आणि केन यांनी तर वरच्या-खालच्या पायऱ्यांवरची भिस्तच सोडली: प्रोसेसला एक लेबल, फाइलला एक, आणि कोणी कशाला हात लावायचा हे ठरवणारा तक्ता वेगळा. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेनं डिसेंबर २०००मध्ये खुलं केलेलं एसईलिनक्स मुख्यतः अशाच तक्त्यावर चालतं.

एसईलिनक्स फार किचकट आहे, ॲडमिन वैतागून ते बंदच करतात, ही तक्रार खोटी नाही. समजा, बोईसरच्या एखाद्या कारखान्यात होम डिरेक्टरीत बनवलेलं पान ‘एमव्ही’ कमांडनं वेबसर्व्हरच्या फोल्डरमध्ये हलवलं. परवानग्या ६४४, म्हणजे वाचायला सर्वांना मुभा, असूनही सर्व्हरला ते वाचता येत नाही, कारण फाइल जुनं लेबल घेऊनच आली. ‘सीपी’नं नवी प्रत काढली असती तर तिला त्या जागेचं लेबल मिळालं असतं, आता लेबल जागेप्रमाणे बसवायला ‘रिस्टोअरकॉन’ चालवावं लागतं. मला या अडवणुकीत गुणच दिसतो, कारण मालकानं फाइल सर्वांना खुली केली तरी शेवटचा शब्द त्याचा राहत नाही.

अणुवीज केंद्राच्या नियंत्रणाचं जाळं बाहेरच्या जगापासून तोडल्यावर लेबलं कशाला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०१९मध्ये कुडनकुलमच्या अणुवीज केंद्रातल्या प्रशासकीय कामाच्या संगणकात मालवेअर सापडलं, तेव्हा तारापूरही चालवणाऱ्या एनपीसीआयएलनं नियंत्रण यंत्रणा स्वतंत्र असल्याचंच सांगितलं होतं. ती स्वतंत्र हवीच. पण २०१०मध्ये उघडकीला आलेलं स्टक्सनेट हे मालवेअर यूएसबीवरूनही पसरत होतं, म्हणजे तोडलेल्या जाळ्यातही माणसाच्या हातून वाट निघते. कर्नललाच भोक असेल तर लेबलही हरतं, हे मान्य. एरवी मात्र एखाद्या प्रोग्रॅमचा ताबा गेला, तर तक्त्यात त्या प्रोग्रॅमला जेवढं दिलंय तेवढंच हल्लेखोराच्या हाती लागतं, तो प्रोग्रॅम रूट म्हणून चालत असला तरीही.