आवड, प्रश्न आणि विषय

पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधिकेचा विषय शोधू लागला, की ‘आवडीचा विषय घ्यावा’ असा सल्ला त्याला हमखास मिळतो. हा सल्ला कुठे अपुरा पडतो, हे दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांच्या उदाहरणावरून ध्यानात येते. कोसंबी मूळचे गणिती. संख्याशास्त्र आत्मसात करण्यासाठी त्यांना एक प्रत्यक्ष प्रश्न हवा होता. तो त्यांना प्राचीन आहत नाण्यांच्या वजनांत सापडला. हाताळणीने नाणे झिजते. साहजिकच अधिक काळ चलनात राहिलेल्या नाण्यांचे सरासरी वजन घटते आणि वजनांतील तफावत वाढते. ही अटकळ तराजूवर पडताळता येण्याजोगी होती. परंतु ही नाणी पाडली कोणी, या प्रश्नाला तराजूपाशी उत्तर नव्हते. त्यासाठी संस्कृत साधनांकडे वळणे त्यांना भाग पडले. या वाटेवर १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तर १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासपद्धतीची नवी मांडणी करणारा ग्रंथ आला.

तात्पर्य, आवडीतून संशोधनाला प्रेरणा मिळते. विषय मात्र पुराव्याने सोडवता येईल अशा प्रश्नातूनच घडतो. ग्रामीण कादंबरी आवडणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच आपल्या आवडीला आधी विचारावे : तुला नेमके कोणते कोडे पडले आहे, आणि ते कशाने उलगडेल?