रक्त कुठल्या रकान्यात लिहायचं?

सातारा-रत्नागिरीकडे एखाद्या गावच्या चावडीच्या भिंतीत बसवलेली दगडी पाटी तुम्ही पाहिली असेल. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस्स, दोनच आकडे. पैशांचा हिशेब दुसरीकडे चालला होता, आणि त्या हिशेबानं एका बाजूनं लढलेल्या दोस्तांमध्ये जी कटुता आली, ती युद्ध संपल्यावरही पंधरा वर्षं धुमसत राहिली. आज बोलायचं आहे ते तिच्याविषयी.

पहिल्या महायुद्धात फ्रान्स, इटली आणि रशिया यांना ब्रिटन कर्ज देत होतं. ब्रिटनची थैली रिकामी होत आली, तेव्हा १९१७ मध्ये युद्धात उतरलेल्या अमेरिकेनं सगळ्यांनाच उधार द्यायला सुरुवात केली. (त्याच वर्षी हिंदुस्थानच्या तिजोरीतून १० कोटी पौंड ब्रिटनला ‘भेट’ म्हणून गेले. ज्यांच्या करातून ते आले त्यांना कुणी विचारलं नव्हतं. असो.)

युद्ध संपलं आणि वह्या उघडल्या गेल्या. अमेरिकेचं येणं सुमारे १० अब्ज डॉलर. रशियाच्या बोल्शेविकांनी झारची कर्जं १९१८ मध्येच झटकून टाकली होती. दोस्तांनी एकमेकांची कर्जं सरळ रद्द करावीत, असं अर्थशास्त्रज्ञ केन्सनं १९१९ मध्ये लिहिलं. कुणी मनावर घेतलं नाही. १९२२ मध्ये ब्रिटनच्या बाल्फोरनं जाहीर केलं, की अमेरिकेला आम्हाला जेवढं द्यावं लागेल तेवढंच आम्ही आमच्या ऋणकोंकडून घेऊ. ऐकायला उदार, पण वॉशिंग्टन आणि पॅरिस, दोन्हीकडे ते झोंबलं.

फ्रान्सचं म्हणणं नीट ऐकण्यासारखं आहे. अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात आली खरी, पण तिचं सैन्य मोठ्या संख्येनं आघाडीवर पोचायला १९१८ उजाडलं. मधल्या काळात त्या डॉलरांच्या दारूगोळ्यामागे उभे होते ते फ्रान्सचे जवान. सबंध युद्धात फ्रान्सची तेरा लाखांवर माणसं गेली. गोळ्याची किंमत वहीत होती, तो डागणाऱ्याची नव्हती. १९२६ मध्ये बासष्ट वर्षांच्या हप्त्यांचा करार झाला, तेव्हा जुलैत हजारो जखमी, अपंग माजी सैनिक पॅरिसच्या रस्त्यांवर उतरले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या क्लेमांसोनं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना उघडं पत्र लिहिलं.

कवी म्हणून माझं मन त्या मोर्चाबरोबर जातं. पण अमेरिकेनं हे पैसे आपल्याच साध्यासुध्या लोकांना रोखे विकून उभे केले होते. ते तर त्यांना परत करायचेच होते.

डिसेंबर १९३२ मध्ये फ्रान्सचे पंतप्रधान एरियो हप्ता भरायला तयार होते. संसदेनं नकार दिला आणि त्यांचं सरकार पडलं. ब्रिटननं तो हप्ता सोन्यात भरला, पण १९३४ मध्ये त्यांनीही हात वर केले. नेमानं फेडत राहिलं ते एकटं फिनलंड. त्याचं कर्ज छोटं, तेही उपासमारीच्या दिवसांतल्या धान्याचं.

अमेरिकेनं १९३४ मध्येच कायदा केला: बुडव्यांना पुन्हा कर्ज नाही. त्यामुळे १९४० मध्ये हिटलरपुढे उभ्या असलेल्या ब्रिटनचे पैसे संपले, तेव्हा उधारीचा रस्ता बंद होता. रूझवेल्टनं पत्रकारांना शेजाऱ्याच्या आगीचा दाखला दिला: घर पेटलेलं असताना पाण्याच्या नळीचे पैसे मागायचे नसतात, आग विझल्यावर नळी परत घ्यायची. मार्च १९४१ मध्ये ‘लेंड-लीज’ कायदा झाला.

१९४९ च्या नाटो करारानंतर हाच वाद नव्या रूपात आला. आता माप टक्क्यांचं आहे. २०१४ मध्ये वेल्सच्या बैठकीत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्के ठरले. २०२५ मध्ये हेगला २०३५ पर्यंतचं लक्ष्य ५ टक्के झालं, त्यांतले साडेतीन थेट संरक्षणावर. टक्के मोजायला सोपे. पण आइसलंडकडे सैन्यच नाही, त्यानं तळासाठी जमीन दिली. डेन्मार्कनं २०२३ मध्ये आपल्या साऱ्या १९ सीझर तोफा युक्रेनला देऊ केल्या. यांची टक्केवारी कशी लावणार?

आणि फिनलंड? त्यानं जुन्या कर्जाचा शेवटचा हप्ता १९७६ मध्ये फेडला. ४ एप्रिल २०२३ रोजी ते नाटोत आलं, सक्तीची लष्करसेवा आणि रशियाला लागून असलेली तेराशे किलोमीटरहून लांब सीमा बरोबर घेऊन.