महाड : अफवा, राग आणि संयम

इतिहासाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. नोकरी सांभाळून वाचत आलो. शांततामय लढा म्हणजे राग गिळून केलेला लढा, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. महाडने ती बदलली.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव १९२३ सालचा. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी परिषदेचे प्रतिनिधी डॉ. आंबेडकरांसह मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नंतर गावात अफवा उठली, की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव मंडपावर चालून गेला. जेवणाऱ्यांना मारहाण झाली, अन्न मातीत गेले, गल्लीबोळांत एकटेदुकटे सापडले त्यांनाही चोपले. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला.

हा उद्रेक देवळासाठी होता काय? पुढे सनातन्यांनी गोमूत्र-शेणाने विधिपूर्वक शुद्ध केले ते तळे! सल पाण्याचा होता. अफवेने त्याला धर्मरक्षणाचे नाव दिले. मनात आधीच साचलेले असते, तेच अफवा पेटवते.

इकडे सरकारी बंगल्यापाशी जमलेले लोक, त्यांत काही निवृत्त सैनिक, केवळ इशाऱ्याची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी तो दिला नाही आणि लोकांनी त्यांचे ऐकले. पण राग विझला नव्हता. २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृतीचे दहन झाले. तळे खाजगी असल्याचा दावा करून विरोधकांनी तोवर न्यायालयाचा मनाईहुकूम मिळवला होता. सत्याग्रहासाठी आलेल्या हजारोंनी चर्चेअंती सत्याग्रह तहकूब केला आणि पाण्याला हात न लावता तळ्याभोवती मिरवणूक काढली. मला हा प्रसंग पहिल्यापेक्षाही अवघड वाटतो.

म्हणून मी असे म्हणतो : राग दोन्हीकडे होता. एका बाजूला त्याला अफवेने वाट दाखवली. दुसऱ्या बाजूला परिषद, ठराव, चर्चा आणि खटला यांनी. मात्र या संयमाची किंमत विसरू नये. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने लागला. मार खाल्लेल्यांनाच घोटभर पाण्याच्या हक्कासाठी दहा वर्षे थांबावे लागले. शांततेचे कौतुक करताना हा हिशेबही मांडला पाहिजे.